आठ सेंटिमीटर खोल

२०१५ च्या उन्हाळ्यात लातूरमधल्या आमच्या अंगणात बोअर घेतला, तेव्हा सहाशे फूट खाली जाऊनही वर आली ती फक्त करडी भुकटी. मशीनवाल्यांनी पाइप उपसून गाडीत भरले आणि सासऱ्यांनी त्या छिद्रावर एक फरशी ठेवून दिली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांमधून शहराला पाणी आले. त्या दोन वर्षांत गच्चीवरचा मोगरा गेला, जास्वंद गेली, सासूबाईंनी पंधरा वर्षे जपलेला कढीपत्ताही गेला, कारण भांडी विसळलेले पाणीसुद्धा मोरीत न ओतता बादलीत राखून ठेवावे लागत होते. टाकीच्या आडोशाला ठेवलेली एक कुंडी मात्र तशीच राहिली. तिच्यात सोनेरी काट्यांचा, मोठ्या नारळाएवढा गोल निवडुंग होता, आणि सलग आठ-नऊ महिने त्याला कोणी तांब्याभरही पाणी घातलेले नव्हते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ‘निवडुंगाला पाणी लागत नाही’ हे वाक्य मी वर्गात कितीदा उच्चारले असेल त्याची गणती नाही. त्या कुंडीकडे रोज पाहू लागल्यावर, आणि त्या जातीविषयी मिळेल ते वाचू लागल्यावर, मला ते वाक्य मागे घ्यावे लागले. या झाडाला पाणी लागते. त्याच्या देहाचा बहुतांश भाग पाणीच असतो, आणि एखादा जुना, पुरुषभर उंचीचा निवडुंग कापला तर त्यात आपल्या घरातल्या कितीतरी घागरी भरतील एवढा ओलावा साठलेला असतो. पाणी केव्हा घ्यायचे, ते कशात धरायचे आणि कोणत्या वेळी दार उघडून थोडेसे खर्च करायचे, याची त्याची रीत आपल्या नेहमीच्या झाडांपेक्षा निराळी आहे, आणि ती रीत नीट समजावून सांगावी एवढ्याचसाठी हे लिहिते आहे.

पिंपाच्या किंवा गोळ्याच्या आकाराच्या या निवडुंगांना इंग्रजीत ‘बॅरल कॅक्टस’ म्हणतात. त्यांत प्रामुख्याने दोन गट येतात. एक फेरोकॅक्टस, ज्याच्या नावातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उग्र’ असा आहे आणि ज्याच्या जाती अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या व मेक्सिकोतल्या सोनोरा आणि मोहावी वाळवंटांत वाढतात, दुसरा एकिनोकॅक्टस. माझ्या कुंडीतला सोनेरी निवडुंग पूर्वी दुसऱ्या गटात धरला जात असे, आणि २०१४ मध्ये त्याच्यासाठी क्रोनलाइनिया हे स्वतंत्र नाव सुचवले गेले. त्याचे मूळ घर मध्य मेक्सिकोच्या पूर्वेकडच्या केरेतारो आणि इदाल्गो या राज्यांतल्या खोल दऱ्यांच्या खडकाळ उतारांवर आहे. मी घरात त्याला रांजण म्हणते. आमच्याकडे पिंपापेक्षा रांजण जुना, आणि पोट फुगलेले, पाणी धरून बसलेले काही म्हटले की डोळ्यांसमोर तोच येतो.

आकारापासूनच सुरुवात करावी लागेल. पाणी साठवायचे असेल आणि ते उडून जाऊ द्यायचे नसेल, तर आत जागा जास्त आणि बाहेरचा पृष्ठभाग कमी हवा, आणि हे गणित गोळ्याइतके दुसऱ्या कोणत्याही आकारात चांगले जमत नाही. म्हणून या झाडाने पाने टाकून दिली. पान म्हणजे उन्हासमोर पसरलेला पातळ पृष्ठभाग. वाळवंटात तो परवडण्यासारखा नाही. पानांचे काटे झाले, आणि प्रकाशसंश्लेषणाचे काम हिरव्या खोडाने स्वतःकडे घेतले. खोडावर मेणचट, जाड थर आला, रंध्रांची, म्हणजे हवा आत-बाहेर करणाऱ्या सूक्ष्म छिद्रांची, संख्या साध्या झाडाच्या पानापेक्षा बरीच कमी झाली. आतला गर पातळ भिंतींच्या मोठ्या पेशींचा असतो, आणि त्यात भेंडी चिरल्यावर हाताला लागते तसे बुळबुळीत द्रव्य असते, जे पाणी धरून ठेवते. कोरड्या दिवसांत पाणी आधी या आतल्या गरातून कमी होते आणि बाहेरच्या हिरव्या थराला मिळत राहते, त्यामुळे स्वयंपाकघर चालू असलेला भाग सगळ्यात शेवटी सुकतो.

पण गोळा फुगला आणि आकसला तर त्याची साल फाटेल, त्याचे काय? त्यासाठी धारा, म्हणजे अंगावरच्या उभ्या कडा, आहेत. आपल्याकडे बांधावरच्या निवडुंगाला तिधारी म्हणतात, तसा हा वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक धारांचा. हार्मोनियमच्या भात्याला जशा घड्या असतात तशा या धारा काम करतात: पाऊस पडला की त्यांच्यामधल्या खाचा उथळ होतात आणि झाड पोट भरल्यासारखे गोल दिसते, कोरड पडली की खाचा खोल जातात, धारा एकमेकींच्या जवळ येतात, आणि साल कुठेही न फाटता आतले आकारमान कमी होते. माझे लहान रोप पहिली काही वर्षे धारांऐवजी नुसत्या उंचवट्यांचेच होते, त्याच्या धारा वयानुसार स्पष्ट झाल्या. सोनेरी जातीत असेच घडते. धारा दिसू लागल्यावर मी दर वर्षी एक उद्योग करते. पोती शिवायच्या दाभणाच्या टोकाने काट्यांमधून वाट काढत जाड दोरा झाडाच्या पोटाभोवती फिरवते, आणि दोन टोके जिथे भेटतात तिथे गाठ मारते. एक गाठ दिवाळीच्या सुमारास, दुसरी वैशाखात. २०१६ च्या वैशाखात दोन गाठींमध्ये माझ्या हाताची दोन बोटे मावत होती, म्हणजे झाडाचा घेर तेवढा कमी झाला होता.

रांजणाशी केलेली माझी तुलना एका ठिकाणी मोडते, आणि ते ठिकाण सांगितल्याशिवाय हे झाड समजत नाही. आपला रांजण किंवा माठ थंड राहतो तो पाझरतो म्हणून. त्याच्या अंगावरचे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. तुरीचे किंवा कडुलिंबाचे पानसुद्धा याच मार्गाने स्वतःला उन्हात सांभाळते. निवडुंग दिवसा रंध्रे बंद करून बसतो, त्यामुळे पाझरून थंड होण्याची ही सोय त्याला नाही. तो तापतो. वाळवंटातल्या दुपारी त्याच्या गाभ्याचे आणि सालीचे तापमान आजूबाजूच्या हवेपेक्षा चांगलेच वर जाते, आणि त्याच्या पेशींनी ते सोसायचे असते. हळूहळू उन्हाची सवय झालेल्या अशा निवडुंगांच्या पेशी साठ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमानही काही काळ सहन करतात. बाकीची बहुतेक झाडे याच्या बऱ्याच आधी होरपळून जातील. काट्यांचे मोल इथे लक्षात येते. जनावरांपासून रक्षण हे काम आहेच, पण सोनेरी निवडुंगाचे दाट काटे वरून पाहिले तर खालची हिरवी साल जेमतेम दिसते, इतकी त्यांची सावली गच्च असते. शेंड्यावर, जिथे नवी वाढ होते, तिथे काट्यांबरोबर लोकरीची गादीही असते. ती दुपारच्या उन्हाला आणि थंडीतल्या रात्रीच्या गारठ्याला, दोघांनाही अडवते.

आता दार उघडण्याविषयी.

प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आत घ्यायचा तर रंध्रे उघडावी लागतात. रंध्रे उघडली की त्याच वाटेने पाणी बाहेर जाते. वनस्पतीच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि बहुतेक झाडे ती दिवसाच्या उजेडात, पाणी गमावत सोडवतात. निवडुंग रात्री रंध्रे उघडतो. रात्री हवा थंड असते, तिच्यातली कोरड कमी असते, त्यामुळे त्याच वाटेने जाणारे पाणी कितीतरी कमी जाते. पण रात्री ऊन नाही. म्हणून आत आलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात बांधतो आणि पेशींमधल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे द्रव साठवणाऱ्या पोकळ्यांमध्ये, सकाळपर्यंत साठवून ठेवतो. सूर्य उगवला की रंध्रे मिटतात, त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटतो, आणि बंद दाराआड उन्हाच्या मदतीने अन्न तयार होते.

ही गोष्ट माणसाच्या लक्षात आली ती आपल्याच देशात आणि आपल्या ओळखीच्या एका झाडावर, याचे मला फार अप्रूप वाटते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात काम करणारे बेंजामिन हायने यांनी पानफुटीची पाने चाखून पाहिली, तेव्हा ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात असे त्यांना आढळले, आणि त्यांचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ मध्ये छापले. पानफुटीच्या कुळाच्या नावावरूनच या क्रियेला क्रॅसुलेशियन अ‍ॅसिड मेटाबॉलिझम, थोडक्यात कॅम, हे नाव पडले. मी मुलांना पाने चाखायला देत नाही, कारण पानफुटीत विषारी द्रव्येही असतात. आम्ही शाळेच्या कुंपणाजवळच्या पानफुटीचे एक पान प्रार्थनेच्या आधी तोडतो आणि त्याच रोपाचे दुसरे पान शाळा सुटताना, दोन्ही खलबत्त्यात ठेचून त्यांच्या रसात आम्लता रंगावरून दाखवणारी वैश्विक दर्शकाची पट्टी बुडवतो. सकाळची पट्टी नारिंगी होते, म्हणजे रस जास्त आम्ल, संध्याकाळची पिवळसर, म्हणजे कमी आम्ल. सातवीतल्या एका मुलीने दोन्ही पट्ट्या वहीत चिकटवून खाली लिहिले होते की झाडाने दिवसभरात सकाळची शिदोरी संपवली. मी कॅमविषयी एवढ्या थोड्या शब्दांत कधी सांगू शकले नव्हते.

या रीतीने पाण्याची किती बचत होते तेही सांगायला हवे. तूर, हरभरा किंवा गहू यांच्यासारख्या पिकांना एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधण्यासाठी साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी हवेत सोडावे लागते. ज्वारीची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी आणि काटकसरीची, तिला २५० ते ३०० ग्रॅम पुरते. निवडुंगासारख्या कॅम वनस्पतींचे हेच काम ५० ते १०० ग्रॅममध्ये होते. (ऊससुद्धा या हिशोबात ज्वारीच्याच पंगतीत बसतो, त्याची तहान मोठी दिसते ती तो वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहून ढीगभर वाढतो म्हणून. आमच्या भागात उसावर बोलताना हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले जातात, म्हणून नोंदवून ठेवते.) या बचतीची किंमतही निवडुंग मोजतो. रिक्तिकांमध्ये आम्ल साठवायला मर्यादा आहे, त्यामुळे रात्रीत जेवढे साठेल तेवढेच दुसऱ्या दिवशी वापरता येते, आणि वाढ फार हळू होते. कोरड जास्त दिवस लांबली तर तो रात्रीही दार उघडत नाही. स्वतःच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा पुन्हा वापरून केवळ तग धरतो. टाकीच्या आडोशाचा माझा निवडुंग २०१६ च्या चैत्र-वैशाखात अशाच अवस्थेत असणार. आपल्या उन्हाळ्यातल्या रात्रीही तापलेल्या असतात, आणि या झाडाला गार रात्र हवी असते.

आणि मुळे. सहाशे फुटांचा कोरडा बोअर घरासमोर असल्यामुळे मला या भागाने सगळ्यात जास्त थांबवून ठेवले. पार्क नोबेल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात फेरोकॅक्टसच्या एका जातीचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि त्यांना तिच्या मुळांची सरासरी खोली फक्त ८ सेंटिमीटर आढळली. आपल्या वितीच्या निम्म्यापेक्षा कमी. ज्या जमिनीत खाली पाणी नाहीच, तिथे खोल जाण्यात शहाणपण नाही. जे काही येईल ते वरून येईल, आणि फार तर वरच्या चार बोटांना भिजवून जाईल. म्हणून मुळे खाली न जाता चारही बाजूंना उथळ पसरतात. पाऊस पडला की काही तासांतच जुन्या मुळांवर बारीक पांढरी मुळे फुटू लागतात, शास्त्रज्ञ त्यांना पावसाची मुळे म्हणतात, आणि तो शिडकावा वाळून जाण्याआधी ती पाणी ओढून घेतात. जमीन पुन्हा कोरडी झाली की ही बारीक मुळे गळून जातात, जाड मुळे किंचित आकसतात, त्यांच्यात आणि मातीत हवेची एक फट पडते, आणि त्यामुळे खोडात साठवलेले पाणी कोरड्या मातीकडे उलटे ओढले जात नाही. म्हणजे पाणी आत यायची वाट काही तासांत उघडते, आणि तेच पाणी बाहेर जाण्याची वाट बंदही होते. नोबेल यांच्या निरीक्षणात जमिनीतून पाणी मिळणे थांबल्यानंतरही सुमारे ४० दिवस हे झाड साठ्याच्या जोरावर रात्री रंध्रे उघडत राहिले.

ज्या अ‍ॅरिझोना राज्यात आकड्यासारख्या वाकड्या काट्यांचा फेरोकॅक्टस विस्लिझेनी वाढतो, तिथल्या टुसॉन शहरात वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी सातशेच्या आसपास आहे. तिथेही उन्हाळ्याच्या शेवटी गडगडाटासह येणाऱ्या पावसाला मान्सून हाच शब्द वापरतात, आणि हा निवडुंग साधारण त्याच सुमारास, जुलै ते सप्टेंबरमध्ये, शेंड्यावर पिवळ्या-केशरी फुलांचे कडे उघडतो. निवडुंगाच्या फुलांवर येणाऱ्या एकांड्या मधमाश्या परागीकरण करतात. मागाहून लहान अननसासारखी दिसणारी पिवळी फळे धरतात, आणि ती कित्येक महिने झाडावर टिकून राहत असल्यामुळे हरणे, रानडुकरांसारखी हावेलिना नावाची जनावरे, खारी आणि पक्षी यांना टंचाईच्या दिवसांत खायला मिळते. काट्यांजवळच्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात, आणि त्या मुंग्या झाड खाणाऱ्या किड्यांना तिथे टिकू देत नाहीत.

बी रुजणे हा मात्र या झाडाच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक काळ आहे. वाळवंटातल्या उघड्या जमिनीचा पृष्ठभाग उन्हाळ्यात सत्तर अंशांच्या घरात जातो. पुरते वाढलेले झाड आपल्या जाडीमुळे ते निभावते, पण वाटाण्याएवढे रोप जमिनीला चिकटलेलेच असते, त्याला पळायला जागा नाही. म्हणून बहुतेक रोपे एखाद्या गवताच्या ठोंबाच्या किंवा झुडपाच्या सावलीत जगतात. पहिली काही वर्षे ते गवत सावली देते, त्या बदल्यात मातीतल्या पाण्यात वाटाही घेते, आणि रोपाची वाढ त्यामुळे आणखी मंदावते. तरीही सावलीशिवाय जगण्यापेक्षा हा सौदा परवडतो. जे झाड पुढे पन्नास-शंभर वर्षे एकटे उघड्यावर उभे राहते, त्याला बालपणी दुसऱ्या कोणाच्या पदराआड राहावे लागते, हे मला वाचल्यावर खूप जवळचे वाटले.

अ‍ॅरिझोनातले मोठे फेरोकॅक्टस दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे झुकलेले असतात, इतके की त्यांना होकायंत्र निवडुंग असेही म्हणतात. उन्हाकडची बाजू जास्त तापते आणि मंद वाढते, सावलीकडची उत्तर बाजू थोडी भराभर वाढते, आणि वर्षानुवर्षे साठलेल्या त्या फरकाने झाड कलते. कललेला शेंडा हिवाळ्यात ऊबही जास्त घेतो. माझ्या कुंडीत असा कल येईल का, याचा मी बराच विचार केला आहे. लातूर १८ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे टुसॉनसारखा एकाच बाजूचा कल इथे येण्याचे कारण तेवढे बळकट नाही. तरी कुंडीची दक्षिण बाजू ओळखू यावी म्हणून मी तिच्यावर गेरूचा ठिपका लावला आहे, आणि कुंडी हलवली तरी तोच ठिपका दक्षिणेला ठेवते, कारण सावलीकडची कोवळी साल अचानक उन्हासमोर आली तर ती भाजते आणि तिथला पिवळा डाग पुन्हा कधीच हिरवा होत नाही.

वाळवंटात अडकलेला माणूस निवडुंग कापून त्यातले पाणी पितो, अशी एक कल्पना सगळीकडे पसरलेली आहे आणि ती धोक्याची आहे. आत पेलाभर स्वच्छ पाणी हिंदकळत नसते. ओला, चिकट गर असतो, आणि अनेक जातींच्या गरात ऑक्झॅलिक आम्ल व इतर अपायकारक द्रव्ये असतात, ज्यांमुळे मळमळ, उलट्या आणि जुलाब होऊन उरलेसुरले पाणीही शरीरातून निघून जाते. शिवाय पन्नास वर्षांचे झाड मरते ते वेगळेच.

इथे एक गैरसमज आपल्या घरचाही आहे. मराठीत आपण निवडुंग हा शब्द दोन अगदी परक्या कुळांसाठी वापरतो. बांधावर, किल्ल्यांच्या उतारांवर दिसणारा, मोडला की पांढरा चीक देणारा निवडुंग हा युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला आणि जुन्या जगातला, आशिया-आफ्रिकेकडचा. कॅक्टस कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती मात्र अमेरिका खंडांतल्या आहेत. त्यांची खूण अशी की काटे नेहमी एका लहानशा लोकरी गादीतून झुपक्याने निघतात, आणि युफोर्बियाला अशी गादी नसते. दोन वेगळ्या खंडांत, कोरड्या हवेने दोन वेगळ्या कुळांना जवळपास सारखाच आकार दिला. आपल्या गावाकुसाला दिसणारा फड्या निवडुंग कॅक्टस कुळातला, म्हणून तो परदेशातून आलेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाल रंग देणारे किडे पाळण्यासाठी कंपनी सरकारने त्याची जोपासना केली, १७९५ मध्ये हवा असलेला किडा म्हणून चुकून दुसऱ्याच जातीचा किडा आणला गेला, रंगाचा बेत फसला, पण त्या किड्याने फड्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. तणाचा कीटकांकडून बंदोबस्त होण्याचे हे जगातले पहिले उदाहरण समजले जाते. माझी आजी फड्या निवडुंगाची लाल बोंडे राखेत घोळून, काटे झटकून खायला द्यायची, तेव्हा हे झाड पाहुणे असेल अशी शंकाही मनात आली नव्हती.

सोनेरी निवडुंग आज जगभरच्या रोपवाटिकांत बियांपासून लाखांनी तयार होतो, आणि त्याच्या मूळ दऱ्यांमध्ये मात्र तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मोक्तेसुमा नदीवर झिमापानचे धरण झाले तेव्हा त्याच्या अधिवासाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आठ सेंटिमीटर मातीत, शिडकाव्यावर जगायला शिकलेले झाड पाण्यात बुडून संपले. त्याखेरीज संग्राहकांनी तिथून चोरून उपटून नेलेली झाडे वेगळी. एकिनोकॅक्टस प्लॅटिअ‍ॅकॅन्थस या मेक्सिकोतल्या महाकाय जातीवर आणखी एक आपत्ती होती: तिच्या गरापासून आसित्रोन नावाची, आपल्या पेठ्यासारखी पाकवलेली मिठाई करतात, आणि त्यासाठी अख्खे झाड तोडावे लागते. आता तिथे ही जात कायद्याने संरक्षित आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार कॅक्टस कुळातल्या ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. म्हणून विकत घेताना रोप बियांपासून वाढवलेले आहे एवढी खात्री प्रत्येकाने करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मी आणलेला पहिला सोनेरी निवडुंग मी माझ्या हाताने मारला. शेतातली काळी माती आणि चांगले कुजलेले शेणखत घालून मी त्याला मोठ्या कुंडीत लावले आणि श्रावणाच्या झडीत गच्चीवर उघडे ठेवले. वरून तो हिरवागार, टवटवीत दिसत होता. भाद्रपदात एके सकाळी कुंडी हलवायला हात लावला आणि झाड आडवे झाले. बुंधा आतून सडून पिकलेल्या पपईसारखा मऊ झाला होता. आपली काळी माती पाणी आठवडाभर धरून ठेवते, हाच तिचा पिकांसाठी गुण, आणि या मुळांना तर भिजून दोन-तीन दिवसांत पुन्हा कोरडी होणारी जमीन हवी असते. सासरे तेव्हा शांतपणे म्हणाले होते, “माय, तुला ते रान कळलं नाही.” आता मी चाळलेला जाड मुरूम, विटांचा चुरा आणि थोडीशीच माती घेते, कुंडीच्या तळाला दोन छिद्रे अधिक पाडते, झडीच्या दिवसांत कुंडी पत्र्याखाली ओढते, आणि पाणी घातल्यावर पुन्हा घालण्याआधी मुरूम तळापर्यंत वाळला आहे का ते काडी खुपसून पाहते. हिवाळ्यात जवळपास काहीच घालत नाही. उन्हाळ्यात झाडाच्या खाचा खोल दिसल्या तर संध्याकाळी एकदा पोटभर पाणी देते. सकाळी देऊन भर उन्हात मुळांशी पाणी तापू देत नाही.

ही दुसरी कुंडी त्याच रीतीने वाढते आहे. फूल अजून आलेले नाही. सोनेरी निवडुंग चांगला मोठा झाल्याशिवाय फुलत नाही, आणि माझा आता कुठे कळशीच्या पोटाएवढा झाला आहे. यंदा वैशाखात मी नेहमीप्रमाणे दोऱ्याला गाठ मारली आणि त्यानंतर मुद्दाम पाणी घातले नाही. मृगाचा पहिला पाऊस रात्री दीड तास पडला. कुंडी मी पत्र्याखालून आधीच बाहेर ओढून ठेवली होती. पाचव्या दिवशी शाळेतून आल्यावर दाभण घेऊन दोरा पुन्हा फिरवला, तर वैशाखातल्या गाठीशी टोके भेटली नाहीत. मध्ये एका बोटाचे अंतर राहिले, आणि सासऱ्यांनी चष्मा लावून ते स्वतःचे बोट ठेवून मोजून पाहिले.